कलमी जपानी मेपल : गुटी बांधून खुंटापासून वेगळं करावं, की जोडासकट बोन्साय करावं?

पानगळ (एडिसन, न्यू जर्सी) · 4 मे

झाड जपानी मेपल, जात देशोजो, नर्सरीतलं कलमी. सगळी मापं मातीपासून देतोय. कलमाचा जोड 12 सेंमीवर आहे. जोडाखाली खुंट (ज्या रोपावर कलम बांधलंय ते) 4.5 सेंमी जाड, जोडावरचा फुगवटा 5.5 सेंमी, आणि 14 सेंमीच्या वर खोड एकसारखं 4 सेंमी. खुंटाची साल करडी आणि खरबरीत, वरची गुळगुळीत. 15 सेंमीवर पेन्सिलीएवढी एक बारीक फांदी आहे, त्यानंतर थेट 30 सेंमीवर पहिली जाड फांदी. एकूण उंची सव्वा मीटर. यंदा कुंडी बदललेली नाही. पानं नुकतीच उघडलीत, लालभडक आणि मऊ आहेत.

30 सेंमीच्या आसपासचं बोन्साय डोळ्यांसमोर आहे. गुटी (खोडाची साल कड्यासारखी सोलून, तिथे ओलं मॉस बांधून झाडावरच मुळं फोडणं) बांधावी का? बांधली तर जोडाच्या किती वर? स्वतःच्या मुळांवर देशोजो तग धरतं का? आणि खाली उरणाऱ्या खुंटाचं काय करायचं?

खोडमाप · 4 मे

या मापांवर गुटी बांधावी असंच म्हणेन.

फुगवटा कधीच जिरत नाही. खुंट आणि वरचा भाग ही दोन वेगळी झाडं आहेत, दोघांची जाड होण्याची गती वेगळी आणि सालीचा पोतही वेगळा. वय वाढेल तसा फरक वाढतो. बागेतल्या झाडात तो लपून जातो, पण बोन्सायकडे माणूस सगळ्यात आधी बुंध्याशी बघतो, आणि तिथेच खाली बारीक, वर जाड असं उलटं खोड दिसतं. जोड मातीलगत असता आणि दोन्ही साली जुळत असत्या, तर माती जरा चढवून भागलं असतं. 12 सेंमीवरचा जोड 30 सेंमीच्या झाडात कुठेच लपत नाही.

दुसरं कारण मुळांचं. नर्सरीच्या कुंडीत मुळं गोल फिरतात, एकमेकांवरून जातात. चांगली नेबारी, म्हणजे बुंध्यापासून सगळ्या बाजूंनी पसरलेली मुळं, त्यातून घडवायला वर्षानुवर्षं जातात. गुटीत सालीच्या कापाभोवती मुळं एकाच पातळीवर, चहूबाजूंनी फुटू शकतात. त्यामुळे जोड चांगला असला तरी फक्त नेबारीसाठी मेपलला गुटी बांधतात. जपानीत याला तोरिकि म्हणतात.

आता जातीबद्दल. नर्सरीवाले कलम करतात ते मुख्यतः लवकर विकण्याजोगं झाड हवं म्हणून. बियांपासून जात तशीच येत नाही आणि बऱ्याच जातींच्या फांद्या लावल्या तर नीट मुळं धरत नाहीत. त्यावरून ती जात स्वतःच्या मुळांवर जगतच नाही असा अर्थ काढू नका. देशोजो, कियोहिमे, आराकावा यांना गुटी चांगली लागते. पांढऱ्या-गुलाबी छटांच्या पानांच्या आणि अगदी झिरमिळ्या पानांच्या जातींचा जोर मुळातच कमी असतो, तिथे मात्र हात आखडता घ्यावा. ब्लडगुड असतं तर गुटी लागली असती, पण मोठी पानं आणि लांब पेरं बघता या आकारासाठी एवढी मेहनत घ्या असं म्हटलं नसतं.

जागा : सोलायच्या सालीच्या कड्याचा खालचा काठ 16.5 सेंमीवर, वरचा 21 सेंमीवर. म्हणजे कडं 4.5 सेंमी रुंद, खोडाच्या जाडीपेक्षा जरा जास्तच. मुळं वरच्या काठावर फुटतात, म्हणून तीच तुमच्या बोन्सायची मातीची पातळी. तिथून पहिली फांदी 9 सेंमीवर येते, 30 सेंमीच्या झाडाला हे माप छान बसतं. खोड तिरकं ठेवायचं असेल तर वरचा काठही त्याच कोनात कापा, नंतर सुधारता येत नाही.

ओली_माती · 5 मे

वेळ आणि पद्धत सांगते.

वेळ झाडालाच विचारा. देशोजोची लाल पानं हिरवटपणाकडे झुकली आणि बोटांत चोळल्यावर रेशमासारखी न लागता कोऱ्या कागदासारखी लागली, की बांधायचं. तुमच्याकडे साधारण मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. त्याआधी झाड साठवलेल्या अन्नावर पानं काढत असतं. पानं पक्की झाली की साखर आणि संजीवकं सालीतून खाली उतरायला लागतात, कड्याच्या वरच्या काठाशी अडतात आणि तिथे मुळं फुटतात. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहतं, म्हणून लाकडात चाकू घुसू द्यायचा नाही.

पात्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घ्या, मेपलला मर रोग पटकन लागतो. वरचा आणि खालचा काप खोडाभोवती पूर्ण फिरवा, मध्ये एक उभा छेद द्या आणि साल सोलून काढा. सोललेलं लाकूड ओलसर, बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीत थर म्हणजेच कॅम्बियम, साल आणि लाकूड यांमधला वाढीचा थर, आणि मेपलची गुटी फसते ती बहुतेक वेळा तो राहिल्यामुळे. पातं आडवं धरून खरवडत राहा. लाकूड फिकट, कोरडं दिसलं आणि बोट फिरवल्यावर घसरलं नाही, की झालं. वरच्या काठाला मात्र पुन्हा चाकू लावू नका. काठ एका धारदार कापाचा हवा. साल लाकडापासून सुटली किंवा चिंधी झाली तर तेवढ्या भागात मुळं येत नाहीत.

वरच्या काठावर आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संजीवक) पावडर, 0.3 ते 0.8 टक्क्यांची. जास्त लावून जास्त मुळं येत नाहीत.

स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) तासभर भिजवून मुठीत घट्ट पिळा, थेंब गळायचे थांबेपर्यंत. खोडाभोवती सगळीकडून 4–5 सेंमी जाडी येईल असा गोळा करा. त्यातला निम्म्याहून जास्त भाग वरच्या काठाच्या आसपास हवा. वर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली, आणि बाहेरून काळं प्लॅस्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, म्हणजे उघडून आत बघता येतं. थेट ऊन लागत असेल तर फॉइलच बरी, काळं प्लॅस्टिक जुलैत आतली मुळं भाजतं. आठवड्यातून एकदा गोळा दाबून बघा, कडक लागला तर वरच्या टोकातून सिरिंजने पाणी सोडा.

ज्यांनी गावाकडे डाळिंबाची गुटी पाहिली आहे त्यांना महिना-दीड महिन्यात मुळं येण्याची सवय असते. मेपलला दोन ते तीन महिने धरा.

सावकाश · 5 मे

माझं मत जरा वेगळं आहे. आधी झाडाची ताकद बघा. गेल्या वर्षीच्या फुटव्यांची लांबी मोजा. शेंड्याकडचे फुटवे 20–30 सेंमी असतील तर यंदा बांधा. 5–7 सेंमीच वाढले असतील, किंवा फांद्यांची टोकं काळी पडून वाळत असतील, तर यंदा फक्त खतपाणी करा आणि पुढच्या मेमध्ये बांधा. अशक्त झाड पेशींची गाठ तयार करतं, मुळं काढत नाही. एकाच हंगामात कुंडी बदलणं आणि गुटी या दोन्ही गोष्टी करू नका. आणि गुटीच्या वरची छाटणी आता पूर्ण बंद. सव्वा मीटरचा शेंडा डोळ्यांत खुपत असला तरी राहू द्या, मुळांना लागणारं अन्न तीच पानं देतात.

मॉसऐवजी एक बाजू चिरलेली छोटी प्लॅस्टिकची कुंडी खोडाभोवती बसवून त्यात प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडी) आणि थोडं बारीक मॉस भरता येतं. मुळं जास्त आडवी पसरतात आणि वेगळं केल्यावर मॉस सोडवत बसावं लागत नाही. पण उन्हाळ्यात रोज पाणी घालावं लागतं. सुट्टीत आठवडाभर बाहेर जाणार असाल तर मॉसच बरं.

पानगळ · 6 मे

शेंड्याचे फुटवे 25 सेंमीच्या आसपास भरले, तेव्हा यंदाच बांधतो. 15 सेंमीवरची बारीक फांदी काढू का?

खोडमाप · 6 मे

अजिबात काढू नका. ती जोडाच्या वर आणि कड्याच्या खाली आहे, म्हणजे देशोजोचीच. सालीचं कडं काढल्यावर वरच्या पानांचं अन्न खुंटाच्या मुळांपर्यंत पोचत नाही, तोवर ही फांदी त्यांना थोडंफार पोसते. शिवाय वरचा भाग वेगळा झाला की खाली देशोजोचं दुसरं झाड तयारच असतं. ती नसती तर खुंटावरून फुटवे आले असते, आणि खुंट बियांपासूनचा असल्याने ते बहुधा साध्या हिरव्या मेपलचे असते. आताही जोडाच्या खालून काही फुटलं तर लगेच खुडा.

सिंहगड_रोड · 8 मे

पुण्यात हे झाड कुंडीत चालेल का?

ओली_माती · 8 मे

नाही. त्याला दर हिवाळ्यात बरेच आठवडे खरी थंडी लागते, नाहीतर विश्रांती मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांत झाड खंगतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पानांच्या कडा करपतात त्या वेगळ्याच. गुटीचा हात बसवायचा असेल तर पुण्यात वड किंवा उंबर घ्या आणि पावसाच्या सुरुवातीला बांधा.

पानगळ · 12 जुलै

28 मेला बांधली. आज फॉइल काढून पाहिलं. मुळं नाहीत. वरच्या काठावर ज्वारीच्या लाह्यांसारखे पांढरे फुगीर गोळे आलेत, एका बाजूने त्यांची जिभेसारखी पट्टी खाली उतरली आहे. पानं टवटवीत आहेत. फसली का?

ओली_माती · 12 जुलै

फसलेली नाही. लाह्या म्हणजे कॅलस, जखम भरताना येतोच, आणि साडेसहा आठवड्यांत मुळं नसणं मेपलमध्ये नवल नाही. काळजी त्या पट्टीची करा. ती खालच्या सालीला जाऊन भिडली तर पूल तयार होतो, अन्न परत खाली वाहू लागतं आणि झाडाला मुळं काढायचं कारणच उरत नाही. पानं टवटवीत असतात ती अशा पूल झालेल्या झाडाचीही, म्हणून पानांवरून अंदाज बांधू नका.

सावलीत, शक्यतो संध्याकाळी उघडा. पट्टी वरच्या काठाच्या अर्धा सेंमी खाली कापून टाका आणि तिच्याखालचं लाकूड पुन्हा कोरडं होईपर्यंत खरवडा. बाकी कड्यावरूनही नख फिरवून बघा, ओलसर हिरवट ठिपका दिसला तर तोही काढा. कॅलसचा कंगोरा 5 मिमीपेक्षा जाड झाला असेल तर धारदार पात्याने त्याचा बाहेरचा पापुद्रा चारपाच ठिकाणी हलकाच छिला, तिथे पावडर लावा आणि ताजं मॉस बांधा. मुळं नसताना उघडण्याने काही बिघडत नाही. मुळं दिसल्यानंतर मात्र मॉस हलवू नका, ती काचेसारखी तुटतात.

सावकाश · 13 जुलै

वेगळं करायची घाई नको, हे आत्ताच लिहून ठेवतो. पहिली पांढरी मुळं दिसली की लोक लगेच करवत चालवतात. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटू द्या, आणि निदान तीन बाजूंनी दिसू द्या. हे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झालं तर कापा, कारण गोठवणाऱ्या थंडीआधी सहा आठवडे हाताशी हवेत. नाही झालं तर गुटी तशीच बांधलेली ठेवून झाड गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, 0 ते 5 अंशांत ठेवा आणि मार्चमध्ये कळ्या फुगण्याआधी कापा.

कापताना करवत मुळांच्या खाली सेंमीभर. मॉस न सोडवता, गोळ्यापेक्षा बोटभर मोठ्या कुंडीत प्युमिसमध्ये बसवा आणि खोड तारेने कुंडीला तीन बाजूंनी आवळा. झाड वाऱ्याने डुललं की नवी मुळं आतल्या आत तुटतात आणि पानं आठवड्याभरात माना टाकतात. शेंडा या वेळी एक तृतीयांश कमी करा, तीन आठवडे सावलीत ठेवा. मॉस काढणं आणि मुळांखाली उरलेलं खोडाचं टोक मुळांशी सपाट करणं त्यानंतर येणाऱ्या वसंतात नको, एक पूर्ण वाढीचा हंगाम जाऊ द्या.