साठीनंतर किडनी मंदावते, म्हणून ताटातली डाळ काढायची का?

बाळीवेसकर:
रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा अंदाजे वेग, ५८ आला की आपल्या सोलापुरात घरोघरी एकच होतं. आजोबांची डाळ बंद, अंडं बंद, शेंगा चटणीचा डबा वरच्या फळीवर. मला हे साफ चुकीचं वाटतं.

जन्मतः एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात आणि नंतर नवी एकही तयार होत नाही. सत्तरीपर्यंत कार्यक्षम गाळण्या निम्म्यावर येऊ शकतात, तेही कुठला आजार नसताना. चाळिशीनंतर गाळण्याच्या वेगाचा हा आकडा सरासरी वर्षाला एकाच्या आसपास उतरतो. आत पेशींचाही कारभार संथ होतो. नवी प्रथिनं बनायचा वेग मंदावतो आणि खराब झालेली मोडून काढायचं कामही रेंगाळतं. म्हाताऱ्या उंदरांच्या किडनीत तर जनुकांचा संदेश आणि प्रत्यक्षातलं प्रथिन यांचा मेळच सुटलेला दिसला आहे. हे वय आहे. डाळ तोडून ते मागे जात नाही, दंड-मांड्या मात्र सुकतात.

होटगी रोड:
‘हे वय आहे’ म्हणून सोडून द्यायचं, हेच मला पटत नाही. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन किडनीविकार धरतात, मग वय काहीही असो. गाळणीच्या भिंतीवरच्या पोडोसाइट पेशी सहसा दुभागत नाहीत, गेल्या की त्यांची जागा भरत नाही. उरलेल्या गाळण्यांवर भार वाढतो, आणि जादा प्रथिन खाल्लं की आतला दाब आणखी चढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणारा माणूस पाणी कमी पितो आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खातो. अशा किडनीला सांभाळून नको का घ्यायला?

बाळीवेसकर:
गोळ्यांचं आणि पाण्याचं शंभर टक्के मान्य. पण ‘जादा प्रथिन’ कुणाच्या ताटात आहे ते दाखवा! किडनीच्या रुग्णालाही वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिन सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ४४ ग्रॅम. आता आजोबांचं दिवसभराचं मोजा. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून १०-१२, वाटीभर पातळ आमटीतून ५-६, कपभर दुधातून ५-६. पंचविशीही गाठत नाही. यातून अजून काय काढणार? अशक्त, स्नायू झिजलेल्या वृद्धांसाठी प्रथिनं वाढवण्याचा विचार करावा, असं केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही आहे.

जुळे सोलापूरची लेक:
मी लॅबमध्ये काम करते, म्हणून एवढंच सांगते. ईजीएफआर सहसा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. विड्या वळून वळून वाळलेल्या आजीचं क्रिएटिनिन १.० आलं की घरचे निवांत होतात, पण तिच्या अंगावर मांसच नाही, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. प्रथिनं तोडून स्नायू आणखी घटवले तर रिपोर्ट उलट ‘सुधारलेला’ वाटेल, किडनी मात्र तिथंच. शंका असेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी बद्दल विचारा, ही रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. डाळीबाबत मी बाळीवेसकरांच्या बाजूने आहे.

होटगी रोड:
ताटाचा हिशोब पटला, माझ्या आईचं जेवण याहूनही कमी आहे. पण ‘वय आहे’ला माझा विरोध कायम. वयानं सगळ्यांची किडनी सारखी उतरत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षानुवर्षं तपासलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांचा वेग घटलाच नव्हता. मग ज्याचा घटला, त्याचं कारण शोधायला नको? साखर आणि बीपी असलेल्या प्रत्येकाची लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे किडनीतून गळणाऱ्या प्रथिनाची, तपासणी व्हायला हवी. ते प्रमाण क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर टिकून राहिलं तर ईजीएफआर ७० असला तरी मी त्याला आजारच म्हणेन.

बाळीवेसकर:
आणि मीही म्हणेन. पण ही तपासणी न करता डबा फळीवर ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चटणीतलं मीठ कमी करा, पापड-लोणचं आवरा. शेंगदाणे राहू द्या.