मदत हवी आहे: लग्न, माती (दफनविधी) आणि सणांना चर्चमध्ये द्यायचे संदेश, म्हणजे प्रवचनं, कशी तयार करता?

सर्वांना जय ख्रिस्त. आमचे पाळकसाहेब एकटे आणि मंडळ्या चार, त्यामुळे अहिल्यानगरकडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये संदेश द्यायची पाळी हल्ली माझ्यावर येते. रविवारचं निभावतं, तयारीला आठवडा असतो.

अडतं ते मातीला. सकाळी निरोप, दुपारी चारला दफन. बायबलमधले नेहमीचे उतारे, स्तोत्र 23 आणि योहान 14, सगळ्यांना पाठ. मला योहान 11 घ्यावासा वाटतो: मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडतो. पण तरुण मुलगा गेलेल्या घरात लाजर उठल्याचं वाचावं की रडण्यापाशीच थांबावं? शिवाय मातीला निम्मं गाव हिंदू असतं. त्यांना पुनरुत्थान दोन वाक्यांत कसं सांगता? आणि गेलेला माणूस भांडखोर होता हे सगळ्यांना माहीत असेल तर गुणगान किती करायचं?

लग्नात दहा मिनिटं पुरतात, लोकांचं लक्ष पंगतीकडे. 1 करिंथ 13 (प्रीतीवरचा अध्याय) आणि काना गावचं लग्न (येशू पाण्याचा द्राक्षारस करतो ते) सोडून काय घेता? रूथ 1:16 (‘तू जाशील तिकडे मी येईन’) सुंदर आहे, पण ते सून सासूला म्हणते, नवऱ्याला नव्हे! चालेल का?

शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो; त्यांपैकी पाचवा, तहानेचा, माझ्याकडे आलाय. आधीचे चौघे वधस्तंभाचं सगळं वर्णन करून टाकतात, मग मी काय बोलू?

तुम्ही पूर्ण लिहून वाचता की टिपणांवरून बोलता? कुणाकडे मातीच्या संदेशाचं रेकॉर्डिंग असेल तर कृपया पाठवा.