सगळं मोबाइलवर आहे म्हणे, पालकांनाच हौस नाही!

पारोळ्याची_आई
शहाद्याच्या गुरुजींची कालची पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून लांबलचक लिहितेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार: शासनानं तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम दिला, त्याखालच्या लेकरांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा दिला, 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे काय-कसं करायचं याची पद्धत, काढला. पुस्तिका आहेत, व्हिडिओ आहेत. पण खानदेशातल्या पालकांना केळी-कापसापुढे पोर दिसत नाही.

सर, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नाही. मी बारावी शिकलेय, पुस्तिका वाचता येतात. त्यात लिहिलंय, ‘बाळाला योग्य स्थितीत बसवा.’ योग्य म्हणजे कशी हो? याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, मान एका बाजूला. शेवटी एका थेरपिस्ट ताईंनी घरी येऊन त्याला दोन भिंतींच्या कोपऱ्यात टेकवलं, मांड्यांच्या मधे चादरीची गुंडाळी घातली, पुढे देवाचा चौरंग सरकवला. हात चौरंगावर आले आणि पोरगं पहिल्यांदा समोर बघून बसलं. वीस मिनिटांचं काम. त्याआधी दोन वर्षं मी व्हिडिओच बघत होते.

आणि विशेष शिक्षक मागायला गेले तर उत्तर मिळालं, ‘सहा पूर्ण होऊ द्या, पहिलीत नाव घाला, मग बघू.’ दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वयाचा. तोवर काय करायचं, हौस?

शहाद्याचे_गुरुजी
ताई, पोस्ट माझी होती. तुमच्याबद्दल नव्हती. पण तुमच्यासारखे पालक किती? मी पालकसभा बोलावली, 28 पैकी 4 आले. आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, डॉक्टर दारात येतात, आणि लोक पोराला लपवतात! का, तर मोठीचं लग्न जमायचंय, बोभाटा नको. यालाही शासन जबाबदार?

कापूसवाला_चोपडा
गुरुजी, सभा कधी घेतली ते सांगा. नोव्हेंबरात सकाळी 11 ला ना? वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. अर्धा दिवस बुडवून तुमचा रंगीत तक्ता बघायला कोण येईल? पगारी माणसाला हे कळत नाही. आणि कापसाला भाव काय मिळतोय ते विचारा एकदा.

एक_सेविका
तुम्ही दोघं भांडा, मधे मरतो आम्ही. पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीचं सरकारी ॲप, भरा, आहार वाटताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलला ओळखवा, बाई उन्हानं काळवंडली की मोबाइल म्हणतो ही ती नव्हेच. डिसेंबर 2023 मध्ये संपावर बसलो तेव्हा हेच लोक म्हणत होते, ‘यांना काम नको.’ दिव्यांग मुलांचं प्रशिक्षण? पडद्यावर स्लाइड, चहा-पोहे, सही. एका लेकराला हात लावून कुणी दाखवलं नाही.

पण गुरुजी खोटं बोलत नाहीत. आमच्या गावात एक आजी तपासणीच्या दिवशी नातवाला हटकून मळ्यात पाठवते.

नाशिककर_मूळचा_धुळ्याचा
मुळात घरात अहिराणी बोलणं बंद करा. माझा भाचा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. घरी अहिराणी, अंगणवाडीत मराठी, वर मोबाइलवर हिंदी. पोरगं गोंधळणारच. आम्ही फक्त मराठी सुरू केली, सहा महिन्यांत बोलायला लागला.

अमळनेरी_वांगं
आमनी बोलीनी काय घोडं मारं तुमनं? नाशकात फ्लॅट घेतला की माय विसरायची का?

माझी पुतणी ऐका. तपासणीत चित्राचं कार्ड दाखवलं, चिमणीचं. ती म्हणाली ‘चिडी’. बाईंनी फुली मारली. ‘इथे ये’ म्हणाल्या, ती जागची हलली नाही. मी म्हटलं ‘आठे ये’, पळत आली. कागदावर लिहून आलं, आकलन कमी. कमी कुणाचं?

वाणी_उपचार_जळगाव
व्यवसायानं बोलतेय. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आईनं आपली बोली सोडून अडखळत प्रमाण मराठी बोलली तर उलट तिचं बोलणंच कमी होतं. नाशिककर, तीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर आधी कान तपासायचे, भाषा नव्हे. भाचा सुधारला याचा आनंदच आहे. तो वयानंही सुधारला असेल.

नाशिककर_मूळचा_धुळ्याचा
वा. म्हणजे आमच्या घरात घडलेलं खोटं.

रावेर_केळी
आणि अहिराणी म्हणजे अख्खं खानदेश हे कुणी ठरवलं? आमच्याकडे लेवा बोली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी, भिली. त्यांना तर तुमची अहिराणीही परकी आणि मराठीही. तिथल्या आईनं पोराला घेऊन घाट उतरून नंदुरबार गाठायचं आणि तिथे चिमणी म्हणायचं!

अमळनेरी_वांगं
लेवावाले लगेच आले. कुणी तुमची बोली नाकारली भो?

रावेर_केळी
नाकारली नाही, मोजलीच नाही.

पारोळ्याची_आई
तुमचं बोलींचं आटोपलं असेल तर माझ्या चौरंगाकडे या जरा. मी पुस्तिका फाडा म्हणत नाहीये. पुस्तिकेसोबत एक माणूस पाठवा, जो जमिनीवर बसेल आणि आईच्या हातावर हात ठेवून दाखवेल. त्या आजीच्या घरीही तोच पाठवा. तपासणीला ती भिते, कारण तपासून पुढे काय होतं ते तिनं कधी पाहिलंच नाही.

शहाद्याचे_गुरुजी
बरं बाई, हरलो. सगळ्यांचे पाय धरतो. सभा संध्याकाळी 7 ला घेतो, तक्ते घरी ठेवतो. ‘हौस नाही’ हा शब्द मागे घेतो. लपवण्याचं मात्र घेणार नाही. ताई, येता का दाखवायला?

पारोळ्याची_आई
पोराला घेऊन एसटीनं शहादा? तुम्ही पारोळ्याला या. चौरंग इथेच आहे. नाहीतर व्हिडिओ काढून पाठवते, तुम्हाला आवडतात.

कापूसवाला_चोपडा
7 ला कशाला? या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. अर्धं गाव मोटरीवर असेल.