पहिली गाडी घ्यायचीये, कोणती घेऊ?

स्नेहल (ए-२०४): नमस्कार सगळ्यांना. आम्ही गाडी घेतोय, घरातली पहिलीच, सासरी माहेरी कुणाकडेच कार नव्हती आजवर. बजेट ऑन-रोड (टॅक्स, विमा सगळं धरून) १० लाख, त्यावर जायचं नाहीये. माणसं पाच, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. रोज मी निगडीला शाळेत जाणार, जाऊनयेऊन १२ किलोमीटर, आणि वर्षातनं चार-पाच वेळा चिपळूण. ह्यांनी काल एक लिस्ट दाखवली, मागच्या महिन्यात कोणती गाडी किती खपली त्याची, म्हणाले जी एक नंबरला आहे तीच घेऊन टाकू, एवढे लोक घेतात म्हणजे चांगलीच असणार. शोरूमवाला म्हणतोय ३१ डिसेंबरच्या आत डिलिव्हरी घ्या, ५५ हजार सूट देतो. काय करू?

ओंकार (सी-५०३): अभिनंदन ताई!! वेळ मस्त निवडलीय, २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी उतरल्यापासून छोट्या गाड्या खरंच स्वस्त झाल्यात

संतोष (बी-३०४): सीएनजी बघा वहिनी. मी रोज ६० किमी मारतो चाकणला जाऊनयेऊन, सीएनजीशिवाय परवडलंच नसतं

शिरीषकाका (बी-१०१): स्नेहल, मी ३१ वर्षं पिंपरीत गाड्यांच्या कारखान्यात काढली, शेवटची काही वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाच. ती महिन्याची लिस्ट फिरते ना, तिच्यातला 'विक्री' हा शब्द आधी समजून घे. बहुतेक वेळा तो आकडा कंपनीने डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो. ट्रेलर कंपनीच्या गेटमधून बाहेर पडला, डीलरच्या नावाने बिल झालं, की कंपनीच्या हिशेबात गाडी विकली गेली, मग ती पुढे यार्डात चार महिने उन्हात उभी राहिली तरी आकडा तोच. सियाम ही कंपन्यांची संघटना, तिचे आकडे असे. दुसरे आकडे फाडाचे, म्हणजे डीलर लोकांच्या संघटनेचे, ते आरटीओत पासिंग झालेल्या गाड्यांवरून, सरकारच्या वाहन पोर्टलवरून काढलेले असतात. माणसाने पैसे भरून घरी नेलेली गाडी बघायची तर हे दुसरे बघायचे. दोन्हीत किती फरक पडू शकतो ते सांगतो, २०२४ च्या सप्टेंबरात फाडानेच सांगितलं होतं की देशभरात डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा माल पडून आहे, ७.९ लाख गाड्या, ७९ हजार कोटींचा माल. त्यांच्याच मते २१ दिवसांचा साठा पुरे असतो. त्या ७.९ लाख गाड्या तोवर कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या लिस्टमध्ये 'विकल्या' म्हणून मोजून झालेल्या होत्या.

स्नेहल (ए-२०४): बापरे, हे माहितीच नव्हतं काका. म्हणजे मला जी गाडी देतील ती कधीची असेल कुणास ठाऊक

शिरीषकाका (बी-१०१): तेच विचारायचं असतं आधी. सूट किती हे नंतर.

ओंकार (सी-५०३): काका सगळं मान्य, पण आकडा अगदीच टाकाऊ नाहीये. २०२४ अख्ख्या वर्षात टाटाची पंच एक नंबरला होती, २ लाखांच्या वर, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मारुतीची नसलेली गाडी वर्षाची एक नंबर झाली, हे काही एका महिन्यात ट्रेलर जास्त गेले म्हणून होत नाही ना, लोकांची आवड बदललीये हे त्यातनं दिसतं. २०२४-२५ मध्ये ४३ लाख गाड्या गेल्या त्यातल्या ६५ टक्के एसयूव्ही किंवा तसल्या उंच गाड्या होत्या. आणि जास्त खपणाऱ्या गाडीचे पार्ट लगेच मिळतात, गल्लीतला मेकॅनिकही हात लावतो, विकताना गिऱ्हाईक पटकन येतं.

शिरीषकाका (बी-१०१): हे बरोबर बोललास. वर्षभराचा आकडा आणि महिन्याचा आकडा यात फरक करायला हवा, आणि पार्टांचा मुद्दा तर शंभर टक्के खरा.

वैशाली (ए-४०२): स्नेहल, जीएसटीचं एक लक्षात ठेव, शोरूममध्ये मला एकाने '११ टक्के उतरलीय' असं सांगितलं होतं, तसं नाहीये. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी सेस (वरचा जादा कर) धरून २९ टक्के होता तो १८ झाला, पण कर मूळ किमतीवर असतो, म्हणजे १२९ ची वस्तू ११८ ला मिळायला लागली, शोरूम किमतीत साडेआठ टक्के फरक. ८ लाखांच्या गाडीमागे ६८ हजारांच्या आसपास. वर आपल्याकडे रोड टॅक्स किमतीवर असतो, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, त्यामुळे तिथेही साडेसात हजार वाचतात.

संतोष (बी-३०४): छोटी म्हणजे नक्की किती? माझा मेव्हणा क्रेटा बघतोय

वैशाली (ए-४०२): लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. क्रेटा ४.३३ मीटर, ती ४० टक्क्यांत. पण तिलाही आधी ४५ होता.

शिरीषकाका (बी-१०१): ही ४ मीटरची रेघ २००६ च्या बजेटमधली. आम्ही लाइनवर होतो तेव्हा याचीच चर्चा असायची. मारुतीची पहिली डिझायर ४.१६ मीटरची होती, २०१२ ला तिची डिकी आखूड करून ३,९९५ मिलिमीटरला आणली, फक्त या रेघेच्या आत बसावी म्हणून. टाटाची नेक्सॉनही बरोबर ३,९९५. आपल्या देशातल्या गाड्यांचा आकार असा सरकारी टेपने ठरलाय, म्हणून मागून इतक्या गाड्या उभ्या कापल्यासारख्या दिसतात. परवा टाटाची नवी सिएरा आली, ११.४९ लाखांपासून, ती मात्र मोकळी लांब आहे. १९९१ ची ती जुनी, तीन दारांची, मागे छतात वळणारी काच, पहिल्यांदा बघितली तेव्हा हात फिरवून बघितला होता मी त्या काचेवरून. ते नाव परत रस्त्यावर बघून डोळ्यात पाणी आलं खरंच.

सेक्रेटरी (सी-१०२): लांबीचं चाललंय तर सांगून ठेवतो, आपल्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लांबीची अडचण नाही, रुंदीची आहे. ए विंगच्या खांबांमध्ये दोन गाड्या बसतात त्यात रुंद गाडी आली की शेजारच्याचं दार उघडत नाही. स्नेहलताई, तुमचा स्लॉट कोपऱ्यातला आहे, गाडी ठरवायच्या आधी टेप घेऊन खाली या, मी येतो.

स्नेहल (ए-२०४): हो सर नक्की, थँक्यू

ओंकार (सी-५०३): आता फीचर्स! ताई, सनरूफवाला व्हेरियंट बघा, मुलं खूश होतील, ३६० कॅमेरा, वायरलेस चार्जर, मोठी स्क्रीन

वैशाली (ए-४०२): ओंकार, १० लाखांत ती यादी धरली की खरी कामाची गोष्ट कुठेतरी कापली जाते रे. स्नेहल, मी सांगते त्या क्रमाने बघ. सहा एअरबॅग. ईएससी, म्हणजे पावसात वळणावर गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सरळ ठेवणारी सिस्टीम, चिपळूणच्या वाटेवर कुंभार्ली घाटात जुलैमध्ये जाणार असशील तर याच्यावर तडजोड नको. आयसोफिक्स, मागच्या सीटला चाइल्ड सीट अडकवायचे लोखंडी हुक, धाकटा अजून चार वर्षांचाच आहे ना? आणि मागे मधल्या माणसालाही तीन-पॉइंट बेल्ट आहे का ते स्वतः ओढून बघ, पाच माणसं म्हणजे मध्ये कुणीतरी बसणारच.

ओंकार (सी-५०३): हे पटलं. क्रॅश टेस्टचं मी सांगतो, मी पार्ट सप्लायरकडेच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप आहे, समोरून ६४ च्या स्पीडला धडक, बाजूने ५० ला, आणि बाजूने खांबावर २९ ला. मोठ्यांचे मार्क ३२ पैकी, लहान मुलांचे ४९ पैकी, वेगवेगळे तारे. लोक फक्त मोठ्यांचे तारे बघतात, ताई तुम्ही मुलांचे मार्क आधी बघा. ही टेस्ट सक्तीची नाहीये, कंपनीने दिली तरच होते, म्हणून गाडीला तारेच नाहीत म्हणजे ती वाईट असं नाही, पण मी पहिली गाडी घेताना तारे असलेलीच घेतली असती.

शिरीषकाका (बी-१०१): मला फार बरं वाटतं हे वाचून. आमच्या काळी गिऱ्हाईक फक्त 'ॲव्हरेज किती' एवढंच विचारायचं. २०१८ ला नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतातल्या गाडीला पहिल्यांदाच, त्या दिवशी कँटीनमध्ये पेढे वाटले होते लोकांनी. २०२४ ला डिझायरलाही पाच मिळाले. हे गिऱ्हाइकांनी विचारायला लागल्यामुळे झालंय.

फडकेकाकू (बी-२०२): मला गाड्यांतलं कळत नाही पण गुडघ्यांचं कळतं. स्नेहल, सासूबाईंना नुसतं शोरूममध्ये बसवू नकोस, तिथे फरशी सपाट असते. रस्त्याच्या कडेला उतारावर उभी करून चढता उतरता येतं का बघ. सीट फार खाली असली तर उठताना जीव जातो आणि फार उंच असली तर पाय वर घेताना. दाराच्या वरचं हँडल मागच्या दाराला आहे का बघ, त्याला धरूनच चढते मी.

स्नेहल (ए-२०४): काकू हे कुणीच सांगितलं नसतं ❤️

संतोष (बी-३०४): सीएनजीचं राहिलं. रोड टॅक्सपण कमी आहे बरं का, पेट्रोलला ११ तर सीएनजीला ८ टक्के (२०२५ च्या जुलैआधी ७ होता). समजा पेट्रोल ८.१० ची आणि तीच सीएनजीत ९ लाखाची, तर टॅक्स ८९ हजार विरुद्ध ७२ हजार, म्हणजे ९० हजारांचा फरक ऑन-रोड ७३ वर येतो. आता दोन छोट्या टाक्या डिकीच्या खाली घालतात टाटा आणि ह्युंदाई, बॅगा राहतात. पण थांबा... वहिनींचं रनिंग किती, शाळेचं वर्षाला अडीच-तीन हजार आणि चिपळूणचे दोनेक हजार, पाच हजार किमी झाले. किलोमीटरला पावणेतीन रुपये वाचले तरी वर्षाला १४ हजार. ७३ हजार निघायला पाच वर्षं. वहिनी, तुम्ही पेट्रोलच घ्या. मी वर सीएनजी म्हणालो ते माझ्या ६० किमीच्या हिशेबाने, तुमच्यासाठी ते मागे घेतो. वर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट, पंपावरची रांग, आणि पाच माणसं बॅगा घेऊन घाट चढायचा तर सीएनजीवर ताकद कमी पडते, पंचलाच पेट्रोलवर ८८ पीएस आणि गॅसवर साडेत्र्याहत्तर.

ओंकार (सी-५०३): रोज १२ किमी म्हणजे खरं तर इलेक्ट्रिकचं गणित आहे हे, रोड टॅक्स नाही, एक्स्प्रेसवेला टोल माफ. पण एकच गाडी आणि पाच माणसांनी चिपळूण, १० लाखांत मिळणाऱ्या बॅटरीवर मी घरच्यांना घेऊन निघालो नसतो. पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्या ताई.

वैशाली (ए-४०२): आता डिसेंबरचं. स्नेहल, हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय, नाव लिहीत नाही. वर्षअखेरची सूट म्हणून घाईने डिलिव्हरी घेतली, दोन आठवड्यांत बॅटरी गेली, ८० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग कळलं गाडी नऊ महिने यार्डात एकाच जागी उभी होती, टायर एका बाजूला चपटे झालेले, बॉनेटखाली उंदरांनी वायरीचं कव्हर कुरतडलेलं. कर्ज काढून घेतलेली नवी गाडी, आणि मी पहिल्याच महिन्यात तीनदा वर्कशॉपला. रडले होते मी.

शिरीषकाका (बी-१०१): म्हणून पैसे पूर्ण भरायच्या आणि पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघायची. एकदा तुझ्या नावावर चढली की ती तुझी. त्यांना चासी नंबर मागायचा, फॉर्म २२ मागायचा, त्यावर बनल्याचा महिना असतो, तोच पुढे आरसीवर येतो. टायरवर चार आकडे अंडाकृती चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते, एखादी वेगळी दिसली तर का ते विचार. दार, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बोट फिरवून बघ. रंग उन्हात बघायचा, शेडमध्ये नाही. ५५ हजारांसाठी मार्च-एप्रिलची गाडी घेऊ नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरची देत असतील आणि तुम्ही दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर सूट घे, आरसीवर २०२५ असल्याने तुझं काही बिघडत नाही. चार वर्षांत विकायची असेल तर जानेवारीत बनलेली बघ.

स्नेहल (ए-२०४): आम्ही विकणार नाही काका, मुलं कॉलेजला जाईपर्यंत हीच.

शिरीषकाका (बी-१०१): मग झालं. टेस्ट ड्राइव्हला एकटी जाऊ नकोस, पाचही जण बसा, एसी चालू ठेवा आणि गाडी आपल्या सोसायटीत आणून पार्किंगच्या रॅम्पवर मध्येच थांबवून परत उचलून बघा. कुंभार्लीत तेच करायचंय. स्लॉटमध्ये लावूनही बघता येईल.

सेक्रेटरी (सी-१०२): वॉचमनला सांगून ठेवतो. शनिवारी आणा.

(शनिवार)

स्नेहल (ए-२०४): दोन गाड्या आणल्या आज, पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर. रॅम्पवर दोन्ही चढल्या. सासूबाई पंचमध्ये चढल्या आणि उतरायलाच तयार नाहीत, दार ९० अंशात उघडतं ना, म्हणाल्या आत सरकून बसता येतं. मुलांना एक्स्टर आवडली सनरूफमुळे. ह्यांनी पंच ठरवली, पेट्रोल. विमा बाहेरून घेतोय, शोरूमपेक्षा कमी पडला, तीन वर्षांचा थर्ड पार्टी घालूनही. काका, उद्या सकाळी नऊला यार्डात बोलावलंय, तुम्ही याल का?

शिरीषकाका (बी-१०१): येतो की. टॉर्च घेतो माझा.

(रविवार)

स्नेहल (ए-२०४): ओंकार, वैशालीताई, आम्ही यार्डात आहोत, काका गाडीखाली वाकून बघतायत. फॉर्म २२ वर नोव्हेंबर आहे, ओडोमीटरला २१ किमी. चारही टायर ४२२५.

वैशाली (ए-४०२): ४२वा आठवडा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचे. छान. स्टेपनीचा बघितला का?

स्नेहल (ए-२०४): नाही, डिकी उघडतोय आता.