अनान्सीच्या गोष्टीचा शेवट बदलून सांगावा का?

दोनपोरींचीआई: घानातल्या अकान लोकांचा अनान्सी कोळी काल लेकीला (वय ५) सांगितला. आभाळदेव न्यामेकडच्या सगळ्या गोष्टी मिळवायच्या म्हणून हा पठ्ठ्या अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या पकडून देतो. माडाची फांदी नि वेल घेऊन अजगराजवळ जातो आणि आपल्याशीच पुटपुटतो, "बायको म्हणते फांदी लांब, मी म्हणतो अजगर लांब." अजगर मापायला आडवा होतो, हा वेलीने करकचून बांधतो. लेक टाळ्या पिटत होती. मला कसंतरीच झालं. फसवणाऱ्याला शिक्षा नाही, उलट बक्षीस!

खडूमास्तर: खुशाल बदला. नाहीतर नायजेरियातल्या इग्बो लोकांचं कासव सांगा. पक्ष्यांची पिसं उसनी घेऊन आभाळातल्या मेजवानीला जातं, स्वतःचं नाव 'तुम्ही सगळे' ठेवतं. यजमान म्हणतात, जेवण तुम्हा सगळ्यांसाठी! मग काय, उत्तम ते सगळं हेच खातं. पक्षी पिसं काढून घेतात, कासव आपटतं, पाठीचे तुकडे होतात. हिशोब चुकता.

भोपळा_टुणूक: मास्तर, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन" म्हणत वाघाला गंडवणारी आपली म्हातारी सत्यवचनी होती का? तिचा शेवट कोणी बदलला नाही. अनान्सी गुलामांच्या जहाजांतून जमैकाला पोचला. उसाच्या मळ्यात राबणाऱ्याला 'खरं बोल, मालकाचं ऐक' ही गोष्ट कशाला हवी होती?

खडूमास्तर: वाघ म्हातारीला खायला टपला होता. अजगराने अनान्सीचं काय वाकडं केलं होतं?

भोपळा_टुणूक: हं. हे मान्य.

रात्रपाळी: शेवट नका बदलू, दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट सांगा. जगातलं शहाणपण मडक्यात भरून अनान्सी ते झाडावर लपवायला निघतो. मडकं पोटाशी बांधलेलं, चढता येईना. खालून पोरगा न्टिकुमा म्हणतो, "बाबा, पाठीला बांधा की!" एकाच गोष्टीवर अनान्सीला जोखू नये. शिवाय अकान कथेकरी सुरुवातीलाच सांगून टाकतात की आम्ही म्हणतोय ते खरं नाही, खरं नाही.

दोनपोरींचीआई: मडक्याची सांगते आज. घाई आहे, कारण सकाळी धाकटीला झाडूशेजारी आडवं झोपवून थोरली माझी ओढणी शोधत होती.