परदेशातल्या महागड्या निवासी शाळा: ब्रिटन, स्वित्झर्लंड, अमेरिका यांची तुलना कशी करावी?

मुळाकाठ
मुलगा सातवीत आहे. नववीनंतर कधीतरी परदेशातल्या निवासी शाळेत घालायचा विचार आहे. शाळांच्या संकेतस्थळांवरची फी शेजारी-शेजारी मांडली, तरी एकूण खर्च किती ते कळत नाही. नेमकं काय धरायचं, काय सोडायचं? आणि पुढे त्याने भारतात एमबीबीएस करायचं ठरवलं, तर अडचण येते का?

टेम्सतीर
ब्रिटनपुरतं सांगतो. तिथे फी टर्मची सांगतात आणि वर्षात तीन टर्म असतात. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. ईटन या नामांकित शाळेची फी तेव्हा टर्मला सुमारे २१ हजार पौंड, म्हणजे वर्षाला ६३ हजारांच्या घरात गेली. त्यामुळे छापील आकडा व्हॅटसह आहे की व्हॅटविना, हे आधी बघा.

शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो: वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. हाफ टर्मला, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीत, बहुतेक वसतिगृहं बंद होतात, तेव्हा मुलाला तिथल्या पालकाकडे, म्हणजे गार्डियनकडे राहावं लागतं. नातेवाईक नसतील तर हे काम एजन्सीकडे द्यावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. १२ वर्षांवरच्या मुलाबरोबर राहायला आई-वडिलांना पालक-व्हिसा मिळत नाही.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते नोटिशीत. मुलाला काढायचं तर पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवावं लागतं. जुलैत काढायचं असेल, तर पत्र समर टर्म उघडण्याआधी, एप्रिलच्या सुट्टीतच पोचलेलं हवं. उशीर झाला की एका टर्मची फी भरावी लागते. करारातलं हे कलम सही करण्याआधी वाचाच.

सातवी म्हणजे ईटनसारख्या ठिकाणी १३ व्या वर्षीच्या प्रवेशाला उशीर झाला; तिथली नोंदणी मूल दहाच्या आसपास असतानाच संपते. दहावीनंतर ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या, दोन वर्षांसाठी जाणं जास्त सोयीचं. त्याच्या प्रवेश परीक्षा बऱ्याच शाळा आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुमारास घेतात.

लेमान
स्वित्झर्लंडमध्ये ल रोझे या शाळेची वर्षाची फी एक लाख फ्रँकच्या वर आहे. हिवाळ्यात अख्खी शाळा रोलहून ग्श्टाडला हलते, म्हणजे स्कीइंगचा सरंजामही आलाच. एका देशाची मुलं साधारण दहा टक्क्यांवर घेत नाहीत, त्यामुळे भारतीय मुलांच्या जागा मोजक्याच. इतक्या पैशात अभ्यास तितक्याच पटीने सरस मिळतो असं मला वाटत नाही. फीचा मोठा भाग राहणीमानाचा आहे.

अमेरिकेत अँडोव्हर, एक्सेटर या शाळांकडे मोठा निधी आहे आणि प्रवेश ठरवताना कुटुंबाची ऐपत बघत नाहीत. मदत हवी असेल तर अर्जाबरोबरच मागा, नंतर मागून फारसं हाती लागत नाही. बहुतेक निवासी शाळांचे अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत, निकाल १० मार्चला, होकार १० एप्रिलपर्यंत. एक्सेटरमध्ये साधारण बारा मुलं लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चेतून शिकतात. न बोलणाऱ्या मुलाला ते जड जातं, हे प्रवेशाआधीच विचारात घ्या.

वरदा_नाशिक
एमबीबीएसबद्दल. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते (सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत). परदेशी गेला की हा कोटा गेला, नीटमध्ये गुण कितीही असोत. अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं उरतात.

दुसरी अडचण आयबीची, म्हणजे बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळांत असलेल्या बारावीच्या तोडीच्या अभ्यासक्रमाची. नेहमीच्या आयबी डिप्लोमात भौतिक, रसायन आणि जीव तिन्ही एकत्र बसत नाहीत, दोनच घेता येतात. तिन्ही हवे असतील तर शाळेला आयबीकडून खास मंजुरी काढावी लागते, आणि ती विषय निवडतानाच. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं तर उपयोग नाही. ए-लेव्हलला तिन्ही सहज घेता येतात. परदेशातली बारावी इथल्या बारावीच्या तोडीची असल्याचं समकक्षता प्रमाणपत्र एआययूकडून (भारतीय विद्यापीठांचा संघ) काढायचं.

मुळाकाठ
कोट्याचं अजिबात माहीत नव्हतं. पैसे पाठवण्याचं काय?

वरदा_नाशिक
एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) दर माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही, आणि ही मर्यादाही माणशी आहे. म्हणून आई-वडील दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पाठवा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर टीसीएस लागतच नाही. कापला गेलेला टीसीएस आयकर खात्याच्या वार्षिक कर-तपशिलात दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते. फीच्या तारखेआधी तेवढे पैसे जास्तीचे हाताशी ठेवा.