विजापूर दीड दिवसात : विद्यार्थ्यांनी लिहावं असा अनुभव धागा

सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे (आता अधिकृत नाव विजयपूर). तरीही कॉलेजची पोरं जातात, गोलघुमटात ओरडतात आणि दुपारच्या गाडीने परत येतात. हे शहर यापेक्षा बरंच काही देतं. जे नीट पाहून आलेत त्यांनी वेळा, रस्ते, खर्च आणि कुठे काय फसतं एवढंच लिहावं. प्रवासवर्णन नको.

सोलापूरहून, नेहमीची प्रवासी

रेल्वे सोयीची. सोलापूर-गदग मार्गावर विजापूर लागतं आणि स्टेशन गोलघुमटाच्या बाजूलाच आहे, पाठीवर सॅक घेऊन चालत जाता येतं. एसटी स्टँड मात्र शहराच्या पश्चिम अंगाला, किल्ल्याजवळ. त्यामुळे रेल्वेने गेलात तर पूर्वेकडून सुरुवात करा आणि मुक्काम स्टेशन रोडवर ठेवा.

मुलींसाठी महत्त्वाचं : महाराष्ट्राच्या एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरा. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना. ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. बजेट करताना पूर्ण भाडं धरा, नाहीतर हिशोब वाटेतच कोलमडतो.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. कंडक्टरला ‘विजापूर’ म्हटलं की कळतं.

स्थापत्य, तिसरं वर्ष

गोलघुमट सकाळी सहाला उघडतो. सहालाच दारात असा, हा एक नियम पाळला तरी सहल सार्थकी लागते. नऊनंतर शाळांच्या सहली येतात. शंभर पोरं एकदम ओरडली की प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि नुसता गोंगाट उरतो. वास्तूचं खरं वैशिष्ट्य ऐकूच येत नाही.

चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत. त्यांच्या आतल्या अरुंद, उंच पायऱ्यांनी वर जायचं. पाणी खालीच पिऊन घ्या. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा फिरतो. प्रयोग असा करा : दोघांनी बरोबर समोरासमोर उभं राहायचं, मधलं अंतर साधारण 38 मीटर. बोलणाऱ्याने तोंड भिंतीकडे करून कुजबुजायचं, ऐकणाऱ्याने कान भिंतीजवळ न्यायचा. मधल्या पोकळीकडे तोंड करून बोललात तर आवाज पसरतो. भिंतीच्या वळणाला धरून गेला तरच तो पलीकडे स्पष्ट पोहोचतो. मग एकच टाळी वाजवा आणि गप्प राहून प्रतिध्वनी मोजा.

खाली उतरल्यावर मान वर करून कमानी बघा. दोन चौरस एकमेकांवर फिरवून ठेवावेत तशा आठ कमानी एकमेकींना छेदतात. चौरस खोलीवरचा गोल घुमट त्या तोलतात, मधे एकही खांब नाही. माझ्या मते हे बघायला वर जाण्याइतकाच वेळ द्यायला हवा.

तिकीट 25 रुपये, ऑनलाइन थोडं स्वस्त. पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट नाही. आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद.

इतिहासाची विद्यार्थिनी

वरच्या प्रतिसादात पुढचा क्रम जोडते. गोलघुमटानंतर जुम्मा मशीद. शुक्रवारी दुपारी नमाज असते, तेव्हा जाऊ नये. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल, आणि मोजे सोबत ठेवा, कारण चपला काढल्यावर दुपारी दगड भाजतो. असर महालात बायकांना आत प्रवेश नाही. आम्हा मुलींना तो बाहेरूनच पाहावा लागतो, म्हणून त्यासाठी वेगळा वेळ काढू नका. गगन महाल मात्र चुकवू नका. 1561च्या या वास्तूची मधली प्रचंड कमान हेच तिचं वैभव. 1686 साली औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली, हे त्या कमानीसमोर उभं राहून आठवावं. शेजारी दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, म्हणजे बारा कमान.

मराठी माणसाने मुलूख-ए-मैदान तोफेपाशी जरा जास्त थांबावं. ती 1549मध्ये अहमदनगरला ओतली, नंतर परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून 1632मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने विजापूरला आणली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी हत्ती गिळणारा सिंह कोरलाय. जवळच उपळी बुरूज, बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांचा. वर गेल्यावर अख्खं शहर आणि तटाची रेषा दिसते, मग नकाशा डोक्यात पक्का बसतो.

पुन्हा स्थापत्य

इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, पश्चिम टोकाला, म्हणून तो शेवटी. चार-साडेचारला पोहोचा. तिरप्या उन्हात दगडी जाळ्यांमधली अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट वाटतं. एकाच जोत्यावर समोरासमोर मशीद आणि कबर आहे. इथेही वेगळं तिकीट, तेवढंच.

खाणं-फिरणं बघणारा

टांगा अजून मिळतो. ठरवताना ‘सगळं दाखव’ म्हणू नका. ठिकाणांची नावं एकेक सांगा, थांबायचा वेळ सांगा, इब्राहिम रोजा त्यात आहे ना हे विचारा. हेच नाव हमखास गळतं आणि मग वर पैसे मागतात. चौघं असाल तर अर्ध्या दिवसाची रिक्षा परवडते.

जेवायला साधी खानावळ शोधा : जोळद रोटी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. एप्रिलमध्ये अकरानंतर बाहेर काही बघवत नाही.

बदामी याच रेल्वेमार्गावर आहे, म्हणून अनेक जण दुसऱ्या दिवशी ती घुसवतात. दीड दिवसात ते करू नका. उरलेली सकाळ पुन्हा गोलघुमटात घालवा, सहा वाजता, पहिल्या दिवशी गर्दीत सापडला असाल तर विशेष.